कुठली तडी ऐकलीत, दाजी?

दाजी, तुमचं जाकीट कोरडं परत आलं.

होडी आली, दोन्ही वल्ही आली, पाणी उपसायचा तेलाचा डबा आला. होडी उलटलीच नव्हती, नुसती कलंडली आणि तुम्हाला टाकून पुन्हा सरळ झाली. त्या नारिंगी जाकिटावर तुमच्या बसण्याचा खळगा तसाच होता, कारण तुम्ही ते कधी अंगात घातलंच नाही. 'फळी टोचतीया' म्हणून घडी करून बुडाखाली घ्यायचात. आक्कानं ते दोरीवर वाळत घातलं. मी म्हटलं, आक्का, ते ओलं नाही गं. तरी तिनं घातलं. दिवसभर ते उन्हात होतं आणि ती अधूनमधून जाऊन हात लावून बघत होती.

तुमचे दिवस घातले, पाहुणे आपापल्या गावी गेले. मी मात्र अजून तुमच्याच घरी आहे. आक्कासाठी थांबलोय असं सगळ्यांना सांगतो आणि ते खरंही आहे. पण तेवढंच खरं नाही. रायाप्पानं मला एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर एकट्या तुम्हाला माहीत होतं, आणि ते दिल्याशिवाय मला इथून हलता येत नाही.

सगळी मंडळी पांगल्यावर तो मागच्या दारानं आला. जेवला नाही. गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिला. तुमच्या वयाचा माणूस, जन्म मासे धरत पाण्यावर गेलेला. घरात कानडी, तुमच्याशी बोलायचं म्हणून मराठी, आणि तुम्हाला अण्णा म्हणणारा. मला म्हणाला, "मास्तर, एक इचारू काय री?"

"विचार की."

"अण्णा बाभळीच्या खुटाजवळ जाळं वडत हुता. वारं सुटलेलं. मी काठावरनं वरडलो, तडी, तडी अण्णा! म्हंजे थांबा, मी येतो, वडू नका. अण्णानं हात वर केला. आनी उठून उभारला. तोंड काठाकडं केला आनी गेला." मग माझ्याकडं वळला. "अण्णानं काय ऐकला री? थांब ऐकला, का काठाला चल ऐकला? माझ्या शब्दानं अण्णा गेला काय?"

मी म्हटलं, "विचार करून सांगतो." जसं काही विचार करून ते कळणार होतं!

बाहेरच्या माणसाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणेल, एका शब्दाचं काय घेऊन बसलात. त्याला आपला हा मुलूख माहीत नाही. कानडीत तडी म्हणजे थांब, दम धर. मराठीत तड म्हणजे काठ. होडी तडीला लावायची, काम तडीस न्यायचं. आणि तुमच्या घरात तर हा शब्द आणखीच जवळचा. तुमच्या वडिलांचं नदीकाठचं रान धरणाच्या फुगवट्यात गेलं, त्याला घरात सगळे 'तडी'च म्हणायचे. तडीचा हरभरा, तडीची वांगी. आक्का लग्न होऊन आली तेव्हा तडी पाण्याखाली जाऊन किती वर्षं झाली होती, तरी सासूबाई वांगी चिरताना म्हणायच्या, तडीच्या वांग्यावानी न्हाईत ही. म्हणजे तुमच्या एका कानात तडी थांबायला सांगणार आणि दुसऱ्या कानात काठाला बोलावणार. त्या दिवशी कुठला कान पुढं होता, दाजी?

रायाप्पाची बायको आक्काला सांगून गेली की तो पाण्यावर जातच नाही. जाळी गुंडाळून माळ्यावर टाकलीत, आणि अंगणात बसतो तोही पाण्याकडं पाठ करून. कुणीतरी त्याला लांबच्या वीटभट्टीवर राखणीचं काम बघून दिलंय. तो जाईल, असं ती म्हणाली. ज्याला पाण्याशिवाय काही येत नाही तो माणूस विटा राखत बसेल, आणि मरेपर्यंत मनात एकच शब्द उलटापालटा करत राहील.

म्हणून लिहायला बसलोय. तुमच्याशी बोलल्यावर काही सुचतं, ही जुनी सवय.

आपलं होडीचं खूळ सुरू कसं झालं ते आठवतं? माझी बायको मालती गेली आणि मी पिरनवाडीच्या घरात स्वतःला कोंडून घेतलं. शाळेतून निवृत्त झालेलो, मुलगी लांब, दूधवाल्याशीसुद्धा बोलायचो नाही. तुम्ही संकेश्वरहून मोटरसायकल हाणत आलात, घरातला वास घेतलात आणि म्हणालात, "ऊठ. मासे धराय जाऊया."

"मला पोहता येत नाही, दाजी."

"मला मासे धरता येत न्हाईत. फिट्टंफाट."

कारखान्यातून सुटून तुम्हालाही फार दिवस झाले नव्हते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, साखर कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस म्हातारपणी मासे धरणार म्हणून गाव हसलं. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. "आमचं रान पाण्याखाली हाय," म्हणायचात. "मग पीक काढाय पाण्यातच जायाला पायजे की न्हाय?"

आणि पहिली होडी म्हणून काय आणलीत, तर बंद पडलेल्या गुऱ्हाळातली काहील! ज्या कढईत उसाचा रस आटवायचा ती. उसाच्या मुलखातल्या माणसाला तरंगायचं म्हटलं की आधी काहीलच आठवणार. पुरात तिच्यातून माणसं काढलेली आपण सगळ्यांनीच पाहिलीत. पण पुरातून जीव वाचवायला चार माणसं दोर धरून काहील ओढतात, ती वेगळी. आपण तिच्यात समोरासमोर बसलो, हातात एकेक फळकूट, आणि निघालो. तिला ना पुढं ना मागं. मी वल्हवलं की ती जात्यासारखी फिरायची, तुम्ही वल्हवलं की उलटी फिरायची. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी धुणं थांबवलं.

तेवढ्यात तुम्ही ओरडलात, "तडी! तडी!" मी म्हटलं, काठाला घ्यायचं, आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. तुम्ही म्हणत होता थांब, समोर खुंट आहे. काहील खुंटावर आदळली, एका बाजूनं पाणी घेतलं आणि दगडासारखी खाली गेली. छातीएवढंच पाणी होतं म्हणून वाचलो. रायाप्पानं मला सदऱ्याच्या गळ्याला धरून बाहेर काढलं. हसून हसून त्याला धड चालता येत नव्हतं. तुमची आणि त्याची दोस्ती त्या दिवशीची.

त्या दिवशी मी मालती गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो. तुम्ही ते बघितलंत आणि बघितलं नाही असं दाखवलंत.

मग निपाणीकडच्या एका माणसाची वेदगंगेवरची जुनी फायबरची होडी टेम्पोत घालून आणलीत. सपाट तळाची, छोटी, दोघांपुरती. काहिलीचा धडा मी विसरलो नव्हतो. तिला पाण्यात ढकलण्याआधी मी तुम्हाला अडवलं आणि शाळा सुरू केली. मोबाइलवर बघून, चार जणांना विचारून, थोडं स्वतःच्या भीतीतून मी जे जमवलं होतं ते तुमच्यापुढं मांडलं. आधी गुडघाभर पाण्यात होडी ठेवायची, दोघांनी चढून बसायचं आणि कुठून पाणी येतं ते बघायचं. चढताना पाय मधोमध, एकानं चढताना दुसऱ्यानं होडी धरायची. सामान तळाशी, वजन दोन्हीकडं सारखं. बसायचं, उठायचं नाही. जाळ्याची दोरी हाताला गुंडाळायची नाही. जाळं अडकलं तर ओढाओढ न करता सुरीनं तोडायचं, जाळं नवीन मिळतं. वळवाच्या दिवसांत जेवणाच्या वेळेच्या आत काठाला यायचं. घरी सांगून जायचं, एकट्यानं जायचं नाही. आणि जाकीट अंगात, सगळे पट्टे लावून.

तुम्ही तोंडात तंबाखू धरून सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "मास्तर, मासा धरायचा हाय का त्येची परीक्षा घ्यायची हाय?"

पण पाळलंतही. मी नसताना काय करायचात देव जाणे, मी असताना बरंचसं पाळायचात. पडायचा सराव करायचा असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही मला वेड्यात काढलंत, आणि दुसऱ्या दिवशी छातीभर पाण्यात स्वतःच होडी हलवून मला पाडलंत. मी जाकिटात बुचासारखा वर आलो. आक्का काठावरून दोघांच्या नावानं शिव्या घालत होती. "म्हाताऱ्या खोंडांनो, मराय गेलाय व्हय पाण्यात!" मी पुन्हा पुन्हा पडलो. होडीच्या मागच्या बाजूनं पोटावर चढून आत कसं यायचं ते शिकलो. जन्मभर विहिरीच्या काठालाही न गेलेला मी, तुमच्यामुळं पाण्याला भ्यायचा थांबलो. तुम्ही मात्र कधी पडून बघितलं नाहीत. "मला पवाय येतंय," एवढंच उत्तर. पट्टीचा पोहणाराच बुडतो असं मी म्हणायचो, आणि तुम्ही हसायचात.

पोहणाऱ्याला पाणी बुडवत नाही, दाजी. तुम्हालाही पाण्यानं बुडवलं नाही. पाय जाळ्यात अडकले.

शब्दाचं भांडण मात्र काहील बुडाली त्याच दिवशी सुरू झालं आणि संपलंच नाही. मी म्हटलं, होडीत दोन अर्थांचा शब्द चालणार नाही, एक काय ते ठरवू. तडी म्हणजे काठ, आणि थांबायचं असेल तर 'थांब' म्हणा, साधं मराठी आहे. तुम्ही ऐकेनात. तुमचं म्हणणं, पाण्यावर सगळी कानडी बोलणारी माणसं. रायाप्पा, त्याचे भाऊ, पलीकडच्या काठाचे. ती तडी म्हणणार ती थांब म्हणूनच. आपण दोघंच निराळं बोलून काय करणार?

"पण तुमच्याच बापाच्या रानाचं नाव आहे ते!" मी म्हणायचो.

"त्ये रान बुडालं. आता त्यो शब्द रायाप्पाला वापरू दे की."

मी चिडायचो. मी आयुष्यभर या मुलखात मराठी शिकवलं, तेही पटावरची मुलं दरवर्षी कमी होताना बघत. एक शब्द सोडणं म्हणजे मला जागा सोडल्यासारखं वाटायचं. तुम्हाला ते बरोबर कळायचं आणि तिथंच तुम्ही बोट घालायचात. "तुझा सीमाप्रश्न दिल्लीला सुटंना, आनी तू त्यो हितं होडीत सोडवाय बसलायस." मग मी शिट्टी आणली. शाळेतली, पीटीची. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की काठ. तुम्ही ती तोंडात धरून एकदा वाजवलीत, दोनदा वाजवलीत, आणि मग 'राइट, राइट, संकेश्वर, हुक्केरी' असं ओरडलात. कंडक्टर झालो म्हणालात. शिट्टी डब्याला बांधली गेली ती कायमची.

शेवटपर्यंत तुम्ही तुमचं म्हणत राहिलात, मी माझं. तुम्ही तडी म्हटलंत की मी आवाजावरून ओळखायचो. लांबवून म्हटलंत तर थांब, तोडून म्हटलंत तर काठ. म्हणजे तुम्हीसुद्धा दोन्ही अर्थानं वापरत होता, लबाड माणसा! माझ्यापुढं कधी कबूल केलं नाहीत. या वर्षीच्या शिमग्याला मी तुम्हाला पकडलंही होतं. काठावर आक्का भाकरी घेऊन आलेली दिसली आणि तुम्ही म्हणालात, "तडी, तडी, भाकरी आली." मी म्हटलं, आता? आता कुठली तडी? तुम्ही गंभीर चेहरा करून म्हणालात, "भाकरी आली हाय, थांब म्हणतोय." ते भांडण आपण भाकरी खाता खाताही चालू ठेवलं. आक्का वैतागून भांडी घेऊन निघून गेली.

तुम्हाला मासा फारसा आवडायचा नाही, हे मला माहीत होतं. काटे काढायचा कंटाळा. मिळालेले मासे तुम्ही अर्धे रायाप्पाकडं द्यायचात, उरलेले शेजारी. मग इतकी वर्षं दर आठवड्याला मला बेळगावातून बोलावून घेऊन पहाटे पाण्यावर कशाला नेत होता? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही तंबाखू मळत विषय बदलला असता. पण मला कळत होतं, दाजी. मासे नकोच होते तुम्हाला. तुम्ही मला पिरनवाडीच्या त्या घरातून ओढून काढत होता, सदऱ्याच्या गळ्याला धरून. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं. आता इथं लिहितोय, आणि लाज वाटत नाही.

आणि रागही तेवढाच आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी मी गुंजीला होतो, मालतीच्या भाचीच्या लग्नात. तुमचा फोन आला. "जेवलास काय? बुंदी हाय काय?" मग म्हणालात, "काल टाकलेलं जाळं काढून येतो जरा." मी म्हटलं, एकटे जाऊ नका, रायाप्पाला घ्या, वळवाचे दिवस आहेत. "व्हय व्हय," म्हणालात. तुमचं 'व्हय व्हय' मला चांगलं माहीत होतं. एकदा 'व्हय' म्हणजे व्हय, दोनदा म्हणजे गप बस.

मी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी एकाच दिवशी मोडल्यात. एकटे गेलात. ऊन कलल्यावर गेलात. पश्चिमेला काळं आलेलं आक्कानंसुद्धा दारातून बघितलं होतं. जाकीट बुडाखाली. जाळं खुंटाला अडकलं तर सुरी काढायची, ती कमरेला होती, कमरेलाच राहिली. आणि उभारलात. तुम्ही समोर असता तर मी तुम्हाला कानाखाली वाजवली असती, दाजी असा नाहीतर कोण असा. आक्काच्या कपाळाकडं बघवत नाही मला. रायाप्पा तर आपली गोल होडी घेऊन वाऱ्यात धावला तुमच्यासाठी. तुम्हाला जाळ्यातून सोडवून काठाला आणलं त्यानंच. पोटातलं पाणी काढायला त्यानंच दाबलं. आणि आता तोच खांबाला टेकून विचारतोय, माझ्या शब्दानं गेला काय?

तुम्ही उभारलात ते का, हे मी इतके दिवस सगळ्या बाजूंनी बघितलं. जाळं ओढायला आधीच अर्धे उठला होता आणि तडी ऐकून मागं बघितलंत, असंही असेल. किंवा घाईघाईत जाळं टाकून काठाला यायला निघालात, असंही असेल. वाऱ्यात आवाज तुटला असणार. रायाप्पाचा लांबवलेला शब्द तुमच्यापर्यंत तोडून पोहोचला असेल तर? हे मला कळणार नाही. कुणालाच कळणार नाही. खरं उत्तर एवढंच आहे, की माहीत नाही. पण हे उत्तर घेऊन तो माणूस वीटभट्टीवर जाणार.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. पुढचं आज लिहितोय, रायाप्पाकडं जाऊन आल्यावर.

तो अंगणात होता, पाठ पाण्याकडंच. मी शेजारी बसलो. चहा आला. मी म्हटलं, "रायाप्पा, आमच्या होडीत तडी म्हणजे थांब."

त्यानं मान वर केली. "तुमी तर भांडत हुता री. आमी काठावरनं ऐकत हुतो."

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. काठावर एवढं ऐकू जात असेल असं कधी वाटलंच नाही. पण बोलायला सुरुवात केली होती, मग मागं फिरलो नाही. "भांडत होतो," मी म्हटलं. "शिमग्यापर्यंत भांडत होतो. शिमग्याला मी हरलो. दाजींचंच खरं झालं. पाण्यावर सगळी माणसं तडी म्हणजे थांब म्हणतात, मग आपणही तसंच म्हणायचं, असं ठरलं. काठाला जायचं असलं तर काठ म्हणायचं. त्यानंतर आमच्या होडीत तडीला दुसरा अर्थच नव्हता."

"खरं?"

"मी मराठीचा मास्तर आहे रं. कानडीपुढं हरलो असं उगीच सांगेन?"

हे त्याला पटलं. गावातलं शेंबडं पोरही सांगेल की हा मास्तर दुसरं काहीही कबूल करेल, हे करणार नाही.

"मग उभारला कशाला अण्णा?"

"जाळ्यासाठी. खुंटातलं जाळं ओढायला. मी लाख वेळा सांगितलं होतं, अडकलं तर तोडा. तू थांब म्हणालास, त्यांनी हात वर केला. म्हणजे ऐकलं. थांबणारच होते. वारं आधी आलं."

रायाप्पा रडला नाही. त्यानं हातातला कप खाली ठेवला आणि तोंडावरून दोन्ही हात फिरवले, मिशीवरून, मानेवरून, आंघोळीला बसल्यासारखे. मग बायकोला कानडीत काहीतरी म्हणाला. ती आत गेली आणि माळ्यावर शिडी लावल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "एकटा जायचं नाहीस. भाऊ नसला तर मी येईन, आणि पट्टे लावल्याशिवाय मी होडीत पाय टाकत नाही, तूही टाकायचा नाहीस." तो म्हणाला, "व्हय री." एकदाच म्हणाला.

तुमच्याशी भांडायचं म्हणून इतकी वर्षं मी एक शब्द धरून ठेवला होता आणि तो मी आज एका खोट्यासाठी सोडून आलो. वाटेत मला दोनदा थांबावं लागलं. खोटं बोललो म्हणून नाही. ते भांडण आता खरंच संपलं, म्हणून.

आक्का सोप्यावर तांदूळ निवडत होती. तिच्यापासून काय लपणार. सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"हारलास म्हन की."

"व्हय, आक्का."

"जित्तेपणी हारला असतास," ती म्हणाली, "तर ह्येनी अख्ख्या गावाला बेळगावचा कुंदा वाटला असता रं."

आणि ती हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. मीही हसलो. मग तिचे खांदे हलायचे थांबेनात, तेव्हा मला कळलं की ती आता हसत नाही, आणि मी तिच्याजवळ सरकून बसलो.

तुमचंच खरं, दाजी. हरलो मी. या, सगळ्या गावाला सांगा.